पांढरा कुठे पोचवायचा? पूल शिकणाऱ्यांसाठी निशाण्याचे पहिले धडे

"दादा, बरोबर तिथंच तर मारला होता, काहून नाही गेला?"

पूल म्हणजे क्यू या लांब काठीनं पांढरा बॉल मारायचा आणि त्याच्या धडकेनं रंगीत बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटमध्ये, म्हणजे भोकात, घालायचा खेळ. नागपूरच्या धरमपेठेतल्या ज्या पार्लरमध्ये मी तो बरीच वर्षं खेळतो आहे, तिथं हा प्रश्न संध्याकाळी एकदा तरी कानावर येतोच. विचारणारा पोरगा खरंच बोलत असतो. पॉकेटपासून रंगीत बॉलमधून मागे रेघ ओढली की बॉलच्या पाठीवर जो ठिपका येतो, तो त्यानं नीट हेरलेला असतो. क्यू अगदी त्या ठिपक्यावर रोखलेली असते, हातही सरळ चालतो. तरी बॉल पॉकेटपासून वीतभर लांब कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीवर, आपटतो.

त्याचं उत्तर एका वाक्यात सांगता येतं, पण अंगात मुरायला काही आठवडे लागतात: पांढऱ्या बॉलला स्वतःची जाडी आहे. तुम्ही पांढऱ्याचा मध्य त्या ठिपक्याकडे पाठवता, पण मध्य तिथं पोचायच्या आधीच पांढऱ्याचा दुसराच भाग रंगीत बॉलला भिडलेला असतो. रंगीत बॉल पांढऱ्याच्या रेघेपासून ३० अंश तिरका काढायचा असताना, म्हणजे ३० अंशांचा कट हवा असताना, या चुकीनं जेमतेम १४-१५ अंशांचा मिळतो. आपल्याकडे म्हणतात तसं, बॉल "मोटा" लागतो, म्हणजे हवा त्यापेक्षा जाड लागून कमी तिरका जातो; उलट जास्त तिरका गेला तर तो "पतला". नवे खेळाडू बहुतेक वेळा मोटाच मारतात, याचं मोठं कारण हेच आहे.

म्हणून या लेखात एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे. रंगीत बॉलवरची जागा बघायची ती फक्त समजून घेण्यासाठी. निशाणा धरायचा तो पांढरा ज्या जागी पोचायला हवा, त्या जागेवर.

आधी हात धुवा

हे मी मनापासून सांगतो आहे. तर्री पोहे खाऊन आलेला हात क्यूवर चिकटतो आणि बॉललाही तेल लावतो. बॉलवरच्या तेलाचा आणि चॉकच्या भुकटीचा निशाण्याशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच. पार्लरची क्यू निवडताना ती टेबलावर लोळवून बघा. टोक उडत-उडत गेलं तर ती वाकडी आहे, दुसरी घ्या. टीप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चामड्याची टोपी, गोलसर असावी, चपटी किंवा गुळगुळीत झालेली नको. दर शॉटआधी चॉक हलक्या हातानं टीपभर फिरवा.

जमलं तर दुपारी या. तासावर पैसे मोजायचे असतात आणि संध्याकाळी मागे चार जण उभे असले की शांतपणे एकच शॉट वीस वेळा मारता येत नाही. शिकण्यासाठी तर नेमकं तेच करायचं आहे.

कॅरमचा हात असेल तर

नागपुरात पूलच्या टेबलापाशी येणाऱ्या बहुतेकांचा हात आधी कॅरमवर बसलेला असतो. ही चांगली शिदोरी आहे. कट म्हणजे काय, सोंगटी कोणत्या कोनात फुटते, हे डोळ्याला माहीत असतं. पण दोन फरक ध्यानात ठेवा. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो, पूलमध्ये पांढरा आणि रंगीत बॉल एकाच मापाचे असतात. त्यामुळे डोळ्यात बसलेलं चित्र जरा बदलावं लागतं. दुसरं, पावडर टाकलेल्या बोर्डावर सोंगटी घसरते, कापडावर बॉल गडगडतो. गडगडणारा पांढरा धडकेनंतरही पुढे ओढला जातो, म्हणून बॉल पॉकेटमध्ये गेल्यावर मागोमाग पांढराही कुठल्या तरी पॉकेटमध्ये जाऊन फाउल होतो. सुरुवातीला त्याची फार काळजी करू नका. आधी बॉल जायला लागू द्या.

घोस्ट बॉल: खरा बॉल ठेवून शिका

पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या किंचित वर. धडकेच्या क्षणी दोन्ही बॉलांच्या मध्यांतलं अंतर तेवढंच असणार. म्हणजे पॉकेटकडून येणारी रेघ रंगीत बॉलच्या मध्यातून मागे न्या आणि त्याच रेघेवर, त्याला चिकटून, आणखी एक बॉल बसला आहे असं समजा. हाच घोस्ट बॉल. पांढरा नेमका त्या जागी पोचला की रंगीत बॉल पॉकेटच्या दिशेनंच निघतो, पांढरा टेबलाच्या कुठल्याही बाजूनं आलेला असो.

कल्पना करायला सांगणारे पुष्कळ भेटतात. मी नव्या पोरांना आधी खराच बॉल ठेवायला लावतो.

एक रंगीत बॉल कोपऱ्याच्या पॉकेटपासून हातभर अंतरावर ठेवा. त्याच्या मागे, पॉकेटच्या रेघेत, दुसरा बॉल चिकटवून ठेवा. आता पॉकेटच्या मागे जाऊन उभे राहा आणि तिथून बघा: दोन्ही बॉल एकामागे एक, एकच दिसतोय का? नसेल तर मागचा सरकवा. ही रेघ पॉकेटकडून जशी दिसते तशी पांढऱ्यामागून कधीच दिसत नाही, म्हणून टेबलाला फेरी मारण्याचा आळस करू नका. मग पांढरा दोन हात मागे, थोडा बाजूला ठेवा, त्याच्यामागे येऊन उभे राहा आणि त्या मागच्या बॉलच्या मध्याकडे बघत राहा. रंगीत बॉलकडे बघायचंच नाही. चित्र डोळ्यात बसलं की कुणाला तरी तो मागचा बॉल उचलायला सांगा आणि रिकाम्या जागेवर पांढरा पाठवा.

पहिल्याच तासात फरक पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. इतका वेळ मोटा मारणारा पोरगा एकदम बॉल घालायला लागतो आणि थांबून टेबलाकडे बघत राहतो. तो क्षण बघायला मला अजूनही फार आवडतं.

बॉल उचलून देणारं कुणी नसेल तर क्यूचं टोक वापरा. घोस्ट बॉलचा मध्य रंगीत बॉलच्या कडेपासून अर्धा बॉल मागे, म्हणजे तीन सेंटिमीटरला थोडा कमी, साधारण दोन बोटं. रेघेत क्यू धरून टोक त्या अंतरावर हवेत आणा, जागा डोळ्यात साठवा, मग क्यू उचला आणि त्याच जागेवर नजर ठेवून पांढऱ्यामागे या. एक सावधगिरी: बॉल गोल असल्यामुळे त्याची कड कापडापासून वर असते. बॉल कापडाला जिथे टेकतो तिथून मोजाल तर पूर्ण एक बॉल अंतर मोजावं लागेल. हा घोटाळा झाला की सगळेच शॉट बिघडतात.

शेजारच्या स्नूकर टेबलावर गेलात तर हे माप बदलतं, कारण स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा असतो. स्नूकरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथल्या प्रत्येक खेळाडूला माहीत असावी असं मला वाटतं: तो खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या डोक्यातून. तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी आपलं नागपूर होतं.

निशाणा उभ्यानं लावायचा

नवा खेळाडू आधी टेबलावर वाकतो आणि मग क्यू डावी-उजवीकडे हलवत निशाणा शोधतो. हे थांबवा. वाकल्यावर डोळे क्यूच्या इतके जवळ येतात की पॉकेट, रंगीत बॉल आणि पांढरा यांची एकत्र रेघ दिसत नाही. शिवाय क्यू हलवली की खांदा, कोपर, पाय जागच्या जागी राहतात आणि हात तिरका चालायला लागतो.

क्रम असा ठेवा. पॉकेटची रेघ बघा. पांढऱ्यामागे दोन पावलं लांब उभे राहा. पांढऱ्याच्या मध्यातून घोस्ट बॉलच्या मध्यापर्यंत रेघ ठरवा. उजव्या हातानं खेळत असाल तर उजवा पाय त्या रेघेवर टाका, डावा खांद्याइतका पुढे आणि बाजूला. मग नजर रेघेवरून न हलवता सरळ खाली या, क्यूही त्याच रेघेत घेऊन. हनुवटी क्यूच्या वर, पुढचा हात पांढऱ्यापासून वीतभर मागे. मागची पकड सैल. क्यू हातातून पडणार नाही एवढीच. खाली आल्यावर काही तरी चुकतंय असं वाटलं तर उठा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मागे कुणी घाई करत असेल तरी उठा.

कोणत्या डोळ्याखाली क्यू धरायची हा प्रश्न नेहमी येतो. दोन्ही हातांचे पंजे पुढे धरून बोटांमध्ये छोटी फट करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीत राहतं तो तुमचा प्रबळ डोळा. क्यू थोडी त्या बाजूला असली तर बहुतेकांना रेघ सरळ दिसते, पण अगदी त्याच डोळ्याखाली हवी असा नियम नाही. काहींची जागा दोन डोळ्यांच्या मधोमध निघते. सरळ शॉट मारून पाहत तुमची जागा शोधा आणि मग प्रत्येक शॉटला तीच ठेवा.

शेवटचं: क्यू मागे खेचताना डोळे पांढऱ्यावर असले तरी चालेल, पण पुढे सोडताना नजर घोस्ट बॉलच्या जागेवर असू द्या. आणि मारल्यावर डोकं वर उचलू नका. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत खालीच राहा.

सरळ शॉट खोटं बोलत नाही

कट शिकायच्या आधी आठवडाभर सरळ शॉट मारा. कंटाळवाणं वाटेल, पण कटमध्ये बॉल चुकला की निशाणा चुकला की हात चुकला हे कळत नाही. सरळ शॉटमध्ये लगेच कळतं.

पांढरा, रंगीत बॉल आणि कोपऱ्याचं पॉकेट एका रेघेत ठेवा, दोन बॉलांमध्ये हातभर अंतर. पांढऱ्याच्या मध्याच्या किंचित खाली, ठाम मारा. पांढरा धडकल्यावर जागच्या जागी थांबायला हवा. तो डावीकडे सरकला तर रंगीत बॉलच्या डाव्या बाजूला लागला होता, उजवीकडे सरकला तर उजव्या. बॉल पॉकेटमध्ये गेला तरी पांढऱ्याकडे बघा. चूक तोच सांगतो.

हाताची वेगळी तपासणीही करा. टेबलावर एकटा पांढरा ठेवा, समोरच्या कुशनच्या मध्याकडे सरळ, हळू मारा आणि क्यू तिथंच धरून ठेवा. परत येणारा बॉल टीपला लागला पाहिजे. सरळ जाऊनही परतताना उजवीकडे वळला तर टीप मध्याच्या उजवीकडे लागली, नकळत साइड स्पिन, म्हणजे बाजूची फिरकी, पडली.

इतकं काटेकोर कशाला, असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. पांढरा ठरल्या जागेपासून १ मिलिमीटर बाजूला पोचला तर रंगीत बॉल साधारण १ अंश फिरतो. मीटरभर लांब पॉकेट असेल तर तो जवळपास दोन सेंटिमीटर सरकतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास असतं, म्हणजे दोन बॉल शेजारी-शेजारी जेमतेम मावतील एवढं. मध्यापासून दोन्हीकडे तीन सेंटिमीटरहून कमी सूट मिळते. लांबच्या शॉटला दीड मिलिमीटरची चूक महागात पडते ती अशी.

अर्धा बॉल पाठ करा

घोस्ट बॉल समजायला सोपा, पण रिकाम्या जागेवर नजर टिकत नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. त्यांना पाऊण, अर्धा, पाव ही भाषा उपयोगी पडते. पांढऱ्यानं रंगीत बॉलचा किती भाग झाकायचा, यावर ही मोजणी आहे.

सगळ्यात आधी अर्धा बॉल शिका. पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या कडेवर रोखायचा. कड स्पष्ट दिसते, त्यामुळे कल्पनेची गरजच पडत नाही. यातून ३० अंशांचा कट मिळतो. खऱ्या खेळात या आसपासचे शॉट सतत येतात, म्हणून मी याला पूलचा पाया मानतो. हा कोन टेबलावर मांडायला पुन्हा खराच बॉल वापरा: रंगीत बॉलमागे दुसरा चिकटवा आणि टेबलाभोवती फिरत अशी जागा शोधा, जिथून मागच्या बॉलचा मध्य आणि रंगीत बॉलची कड एका रेघेत दिसतात. पांढरा तिथं ठेवा. दोन्ही जागांवर कागदाच्या बारीक चकत्या ठेवल्या की तोच शॉट पुन्हा पुन्हा मांडता येतो. पार्लरवाल्याला आधी विचारा आणि कापडावर डिंक किंवा चॉकची खूण मुळीच नको. असे पन्नास शॉट मारा. मग डावीकडून पन्नास.

अर्धा पक्का झाला की बाकीचे त्याच्या आजूबाजूला बसतात. पाऊण बॉलसाठी पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलचा मध्य आणि कड यांच्या बरोबर मधे रोखायचा. कट साधारण १५ अंश. पाव बॉलसाठी कडेच्या बाहेर, पाव बॉल अंतरावर. कट जवळपास ४९ अंश. कोणताही शॉट समोर आला की आधी मनाशी विचारा: हा अर्ध्यापेक्षा जाड की पातळ? एवढ्यानंच निम्मं काम होतं. उरलेलं थोडं इकडे-तिकडे डोळा शिकतो.

मधल्या कोनांसाठी एक सोपी युक्ती आहे, मला स्वतःला ती फार आवडते. पांढऱ्यामागे उभे राहून रंगीत बॉलवरचा तो पाठीचा ठिपका बघा. बॉलच्या मध्यापासून तो बाजूला किती दिसतो? तेवढंच अंतर आणखी पुढे जा. निशाणा तिथं. ठिपका मध्य आणि कडेच्या बरोबर मधे दिसत असेल तर दुप्पट केल्यावर कड येते, म्हणजे अर्धा बॉल. दोन्ही पद्धती एकमेकींशी जुळतात, कारण भूमिती एकच आहे. सुरुवातीला सांगितलेला पोरगा दुप्पट करायचं विसरत होता, इतकंच.

व्हिडिओंमध्ये सेंटर-टू-एजसारख्या आणखी पद्धती दिसतील. पहिले सहा महिने त्यांच्या मागे लागू नका. दर आठवड्याला नवी पद्धत धरणाऱ्यांचा डोळा तयार होत नाही.

बरोबर मारूनही मोटा का जातो

भूमिती नेमकी असूनही बॉल कधीकधी मोटा जातो. धडकेच्या क्षणी दोन बॉलांमध्ये घर्षण होतं आणि पांढरा रंगीत बॉलला आपल्या दिशेनं थोडं ओढतो. याला थ्रो म्हणतात. अर्ध्या बॉलच्या आसपास, हळू आणि पांढरा न गडगडता घसरत पोचला की हा परिणाम जास्त, काही अंशांपर्यंत. पांढरा नीट गडगडत असेल किंवा वेग जास्त असेल तर कमी. म्हणून हळू स्टन शॉट, म्हणजे पांढरा असा घसरत पोचणारा शॉट, मारताना किंचित पतला धरा.

बॉल मळलेले असले की थ्रो वाढतो. धडकेच्या ठिकाणी चॉकचा ठिपका आला तर बॉल अचानक भलतीकडे जातो आणि खेळाडू स्वतःच्या निशाण्यावर शंका घ्यायला लागतो. सोबत एक स्वच्छ रुमाल ठेवा आणि सरावाआधी सगळे बॉल पुसा. आपल्या मे महिन्यात पार्लरमध्ये कूलर चालू असतो. त्या ओल्या हवेत कापड जड होतं, बॉल हळू धावतो. कूलरसमोरच्या टेबलावर आणि आतल्या एसीच्या टेबलावर एकच जोर चालत नाही, म्हणून पहिले पाच-सहा शॉट फक्त वेग ओळखायला द्या.

साइड स्पिन सध्या बाजूला ठेवा. टीप उजवीकडे मारली की पांढरा सुरुवातीलाच थोडा डावीकडे ढकलला जातो, आणि क्यू मागून उचललेली असेल तर पुढे वळतोही. निशाणा पक्का होण्याआधी हे मिसळलं की काय चुकलं ते शोधता येत नाही.

कुशनचा बॉल आणि मधलं पॉकेट

कुशनला चिकटलेल्या बॉलची नव्यांना भीती वाटते. घोस्ट बॉल इथंही तोच आहे, फक्त तोही कुशनला टेकलेला असतो. पांढरा रंगीत बॉलला आणि कुशनला एकाच वेळी लागायला हवा. जोर मध्यम ठेवा.

मधल्या पॉकेटला समोरून खेळताना तोंड मोठं दिसतं, तिरकं खेळताना ते झपाट्यानं आकसतं. पॉकेटच्या आतल्या भिंतीकडे बघू नका. बॉलच्या जागेवरून जेवढं तोंड उघडं दिसतं, त्याच्या मध्यावर रेघ धरा.

वही

एक छोटी वही ठेवा. दर सरावाला सरळ शॉट वीस, अर्धा बॉल उजवीकडून वीस, डावीकडून वीस, पाव बॉल दहा-दहा. प्रत्येकात किती गेले ते लिहा, आणि जे चुकले त्यांच्यापुढे मोटा की पतला ते लिहा. तीन आठवड्यांनी पानं उलटून बघा. सगळीकडे मोटा दिसला तर रोखायची जागा अजून आत पडते आहे, पुन्हा खरा बॉल ठेवून घोस्टपासून सुरू करा. एका बाजूनं मोटा आणि दुसऱ्या बाजूनं पतला येत असेल तर डोळ्याखालची क्यूची जागा तपासा. मोटा-पतला सारखेच मिसळलेले असतील तर निशाणा ठीक आहे, हात डगमगतो आहे. एकट्या पांढऱ्याचा कुशनवर जाऊन टीपला परतणारा तो शॉट पुढच्या दुपारी तासभर मारा.